पाठ चोळू नये

“...मग ते संशोधन खोटं होतं का, बाई?” शर्वरीने विचारलं.

एस्तेरबाई कॉटवर उताण्या पडून छताकडे पाहत होत्या.

एस्तेरबाई ओहोळ याच हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रन. अंथरुणाला खिळलेला रुग्ण कसा सांभाळावा, हे शर्वरी नलावडेला त्यांनीच शिकवलेलं. आता अर्धांगवायूने बाईंची डावी बाजू गेली होती, आणि शर्वरी त्याच वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होती. सकाळी डॉक्टरांनी बाईंच्या कमरेखाली पडून पडून झालेली जखम पाहिली. ती हाडापर्यंत गेली होती, विष रक्तात भिनलं होतं. आता फार दिवस नाहीत, असं ते दाराबाहेर हळूच सांगून गेले.

“खोटं नव्हतं,” शर्वरीनेच उत्तर दिलं. “मी स्वतः सगळं वाचलं होतं. लाल झालेली पाठ चोळली की आतलं मांस आणखी मरतं.”

“खरंय ते.” बाईंचा आवाज खोल गेला होता. “स्पिरिट आणि पावडर लावून आम्ही जन्मभर पाठी चोळल्या. मायेने चोळल्या... तू तो लेख वाचून दाखवलास, त्या दिवशी मला घास गिळवला नाही.”

शर्वरीला तो दिवस आठवला. बाईंचं तोंड उतरलं होतं, आणि ही मात्र मनातून सुखावली होती. गुरूची चूक शिष्याला सापडावी, यासारखी फुशारकी दुसरी नाही. ती तिने मनसोक्त मिरवली. वॉर्डात ठळक अक्षरांत पाटी लावली, ‘पाठ चोळू नये’, आणि मग हीच गोष्ट गावोगावच्या नर्सना समजावत हिंडली. दिव्याखाली अंधार होता, पण तो बघायला ती इथे होती कुठे?

“पाठ दुखत होती तर हाक मारायचीत, बाई.”

“मारली. ‘थांबा आजी’ म्हणाल्या तुझ्या पोरी.”

“मग?”

“मग थांबले...”

ज्यांच्या पावलांच्या आवाजाने हा वॉर्ड उभा राहायचा, त्या बाई इथे कुणाच्या तरी आजी झाल्या होत्या.

बाईंनी उजवा हात चादरीवरून उचलला आणि तळवा हवेतच गोल गोल फिरवला, पाठ चोळावी तसा.

“हे करायचं तर आधी काय करावं लागतं?”

“रुग्णाला कुशीवर वळवावं लागतं,” शर्वरी म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

चोळणं म्हटलं की वळवणं आलंच, कुणी वेगळं सांगायला लागत नसे. संशोधनात दोन्ही लिहिलं होतं. चोळू नका, आणि कूस बदलत राहा. तिने पाटीवर पहिलंच लिहिलं. दुसरं तर सगळ्यांना ठाऊकच आहे, ते काय लिहायचं, असं तिला वाटलं. वॉर्डाचा मात्र सुंठीवाचून खोकला गेला. चोळणं थांबलं, आणि वळवणंही त्याच्याच बरोबर गेलं.

“मी मारलं तुम्हाला,” ती म्हणाली.

बाईंनी नाही म्हटलं नाही.

मग शर्वरीने डोळे पुसले आणि ती भडाभडा बोलू लागली. पाटी उद्याच बदलते. एकेकीला समोर बसवून शिकवते. जिथे जिथे जाऊन बोलले, तिथे तिथे परत जाते, माझं अर्धंच सांगून झालं होतं म्हणून सांगते. पुन्हा सगळं वाचते, बाई, पहिल्यापासून वाचते. कॉटची दांडी तिने घट्ट धरली होती. बाईंच्या कपाळावर घाम जमला होता.

“ऐकताय ना, बाई?”

“ऐकतेय, पोरी. सगळं बरोबर आहे...” बाईंनी डोळे मिटले. “पण तू आल्यापासून मी उताणीच आहे.”