पायांना दिलेला मान

पुष्कळ जुनी गोष्ट. डोंगरातल्या एका गावाची रीत मोठी विचित्र होती. नातवाचं लग्न झालं की गाव जमून त्याच्या आजीआजोबांचे पाय दुधाने धुवायचं, आणि त्या दिवसापासून त्यांनी जमिनीवर पाय टेकायचा नाही. पाणी हातात, ताट पुढ्यात. अंगणात जायचं तर मुलगे उचलून न्यायचे. इतकं सुख, आणि तरी तिथली म्हातारी माणसं लवकर खंगायची. गाव म्हणायचं, "वयच झालं!" वयाला बोल लावणं फार सोपं असतं.

अशाच एका म्हातारीला खिंडीपलीकडून निरोप आला. तिची धाकटी बहीण खंगत चालली होती आणि ताईच्या भेटीची आस धरून होती. खिंड अरुंद. डोली जाणं शक्यच नव्हतं.

म्हातारी खाटेवरून उतरली, तर पाय लटपटले. दारापर्यंत जाताजाता धाप लागली. सून धावत आली. "अहो आत्याबाई, बसा बघू! लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. बहीण माझी आहे, लोकांची नाही."

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा ठणकल्या की सुनेने वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी पाय दाबून पाहिले आणि ते हसले.

"दुखतायत म्हणजे कामाला लागलेत, आजी. आज थोडं चाला, मग बसा. उद्या त्याहून थोडं जास्त. दम लागला तर थांबा. पण पुन्हा खाट धरू नका."

तरण्या अंगाला हे चार दिवसांत जमलं असतं, म्हातारीला अख्खा हिवाळा लागला. तिकडे बहीण वाट पाहत होती, त्याचा घोर वेगळाच. पण हळूहळू अंगण झालं, वडाचा पार झाला, ओढाही झाला. धाप कमी झाली, भूक लागू लागली. सून आधी रागाने, मग काळजीने आणि शेवटी गप्पांच्या ओढीने सोबत चालू लागली.

पळस फुलला तेव्हा दोघी खिंड ओलांडून गेल्या. बहीण ओसरीत गादीवर बसलेली होती, कारण त्या गावचीही रीत तीच. ताईला पाहून तिने हात पसरले, पण तिला उठता येईना. धाकटी असून! म्हातारी तिच्याजवळ गेली.

"माझ्या गळ्यात हात टाक," ती वाकून म्हणाली. "आज नुसती उभी राहा."

बहिणीचे मुलगे आईला उचलायला धावले. सुनेनेच त्यांना अडवलं. "थांबा, त्यांचं त्यांना उठू द्या."

बहीण थरथरत उठली आणि ताईच्या गळ्यात पडून रडली.

तेव्हापासून दोन्ही गावांत पाय धुतात, आणि मग आजीआजोबांना हात धरून वेशीपर्यंत चालवतात.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: म्हातारं अंग नुसतं जपून ठेवलं तर झिजतं, आणि रोज झेपेल तेवढं चालवलं तर उशिरा का होईना, साथ देतं.