लिंबाचा पाचवा बाण

“मुंडी माझी! बाण मानेत बसलाय, आणि मानेवर नेम मी धरला होता!”

“तुझा नेम? मागच्या खेपेला हिवराच्या खोडाला बाण मारलास आणि ससा पडला म्हणून बोंबललास!”

“तुम्ही दोघं भांडत बसा. जनावर माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मुंडी माझी, आणि सोलणारही मीच.”

एका गावात तीन मित्र होते. आधी चार होते. गाव उघड्या माळावर, जिथे गवतापेक्षा दगड जास्त आणि दगडांपेक्षा काटे जास्त. बंदुका अजून तिकडे पोचल्या नव्हत्या. माणसं तिरकमठा घेऊन रानडुकरांच्या मागे जात आणि मिळेल त्यावर जगत. गुणा तोंडाचा फटकळ, हैबती डोक्याचा तापट आणि लिंबा नेमाचा पक्का. भर दुपारी, कोरड्या ओढ्यात, मेलेल्या डुकराभोवती उभे राहून तिघे भांडत होते, आणि सगळ्यात मोठा आवाज लिंबाचा होता.

लिंबाला मुंडी नको होती. त्याला सोलायचं होतं.

त्या गावची रीतच अशी. पहिला बाण ज्याचा, मुंडी त्याची. आणि मुंडी ज्याची, त्यानेच जनावर सोलायचं. दुसऱ्याने सुरी लावायची नाही. डूकर उजव्या कुशीवर पडलं होतं. त्या कुशीखाली, मांडीत, काय रुतलेलं आहे ते लिंबाला ठाऊक होतं. ते दुसऱ्या कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी तो घसा फोडत होता.

आता ते काय होतं, ते ऐका.

गावातले सगळे बाण साळू नावाची बाई करायची. एकाच हाताचं काम, जनावराच्या आतड्याच्या एकाच तातीची गुंडाळी. एक बाण दुसऱ्यापासून ओळखू येत नसे. पहिल्यांदा शिकारीला निघताना प्रत्येक शिकाऱ्याला ती पाच बाण द्यायची. शिकारीहून परत आलं की ते तिच्या दारातल्या सपाट दगडावर ठेवायचे. एक कमी भरला तर तोंडाने सांगायचं. तुटला असेल तर तुकडा दाखवायचा, हरवला असेल तर जागा दाखवायची. आणि जनावरात गेला असेल तर सगळ्यांनी उलट फिरायचं, रक्ताचा माग काढायचा, आणि जनावर पडल्याशिवाय चुलीपुढे बसायचं नाही. कारण जखमी डूकर माणूस बघून वाट सोडत नाही. ते वाट अडवून बसतं.

वर्षापूर्वी लिंबाने एकट्याने एका डुकरावर बाण सोडला होता. दिवस कलत आला होता. निवडुंगाच्या जाळीतून ते निघालं, बाण मांडीत बसला, ते किंचाळलं आणि ओढ्याच्या कपारीत शिरलं. हाक मारली असती तर मित्र धावत आले असते. पण भोपळ्यातलं पाणी संपलं होतं, जीभ टाळूला चिकटली होती, आणि समोर गावातला धूर दिसत होता. तहान लागली होती म्हणे! तहान कुणाला लागत नाही? मरेल ते आपोआप, असं मनाशी म्हणून लिंबा खाली आला. “काही दिसलं का रे?” मित्रांनी विचारलं. “कुठे काय,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी साळू परगावी मयताला गेली होती. दगडापाशी कुणी नव्हतं. लिंबाने चार बाण ठेवले आणि घरी जाऊन पोटभर पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा मित्र, सुभाना, ओढ्यातल्या झऱ्यावर भोपळे भरायला गेला. डुकराने कपारीतून मुसंडी मारली. ना हाका घातलेला, ना शिकार, उगाच. दुपारपर्यंत सुभाना गेला. तो साळूचा एकुलता एक मुलगा होता. साळू परत आली ती लेकाच्या सरणापाशीच.

डूकर कुणाला सापडलं नाही.

तेव्हापासून लिंबा प्रत्येक शिकारीतला आपला वाटा साळूला द्यायचा. उंबऱ्याबाहेरून द्यायचा, आत पाऊल टाकायचा नाही. आणि ज्या दिवशी तो वाटा द्यायचा, त्या दिवशी साळूच्या घरातून धूर निघायचा नाही. मटण सुभानाची कुत्री खायची. ती भुंकणं विसरली होती. लिंबा दिसला की नुसती बघत राहायची. त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्याच्या जरा मागे. आणि शेपूट हलवायची, घरचं माणूस दिसल्यासारखी.

लिंबाने नवा बाण कधी मागितला नाही. नवा मागायचा तर जुन्याचं काय झालं ते सांगावं लागतं. तो चारच बाण घेऊन जायचा आणि चारच दगडावर ठेवायचा. साळू ते उचलायची, पुसायची, एक शब्द बोलायची नाही.

मग त्याच्या कुंपणाबाहेर माग दिसू लागला. तीन खूर खोल उमटलेले आणि चौथ्या पायाची फरफटलेली रेघ. घराला एक पुरा वेढा घालून ती रेघ माळाकडे जायची. लिंबा पायाने माती पसरायचा. दोन दिवसांनी रेघ पुन्हा तिथेच. भर दुपारी, वारा पडलेला असताना, डुकराचा उग्र दर्प घरात भरायचा. “वास येतोय का गं?” तो बायकोला विचारायचा. “कसला?” ती म्हणायची. माळावर एकटा चालताना मागून धापा ऐकू यायच्या. थांबलं की त्याही थांबायच्या.

आणि आज रान उठवायला हाका घातला, तर जाळीतून कळप निघालाच नाही. एकच डूकर निघालं. मागचा पाय ओढत, सावकाश, हाकाऱ्यांचा आरडाओरडा कानावर न घेता, ते ओढ्यात उतरलं. सुभाना जिथे पडला होता तिथे, झऱ्यापाशी येऊन थांबलं. लिंबाच्या समोर. त्याने मुसंडी मारली नाही. सुळे दाखवले नाहीत. नुसतं बघत उभं राहिलं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. तिघांचेही बाण एकदमच सुटले. दोन वाळूत गेले, एक मानेत बसला. डूकर ओरडलं नाही. दमलेलं माणूस घरी येऊन अंग टाकतं, तसं ते आडवं झालं.

म्हणून हे भांडण.

“सोलणारा मी!” लिंबाने सुरी काढली.

“तू कोण रे सोलणारा?” हैबती खवळला. “थांब, आधी बाण किती खोल गेलाय, पलीकडून निघालाय का ते बघू. ज्याच्या हातात जोर जास्त, त्याचाच बाण खोल जाणार.” आणि लिंबा आडवा यायच्या आत त्याने पाय धरून डूकर उलटं केलं.

मांडीत एक जुना बाण होता. काडी बोटभर उरली होती, बाकीची झिजून गेली होती. कातडी त्याच्याभोवती वाढून काळी, टणक झाली होती. तेवढी काडी उन्हात हळूहळू वरखाली होत होती, मेलेल्या जनावराची मांडी अजून श्वास घेत असल्यासारखी. मग ती थांबली.

जनावरावर माश्याही बसेनात. लिंबाने नजर खाली वळवली. दुपारची वेळ, सावल्या पायांशी गोळा झालेल्या. त्याची, गुणाची, हैबतीची. आणि त्यांच्या शेजारी चौथी.

त्याने मान वर केली. साळू उभी होती. वाळूत पडलेले दोन बाण तिच्या हातात होते. हाका संपला की बाण गोळा करायला ती नेहमीच मागून यायची. तिच्या पायाशी कुत्री बसली होती.

“भांडण कशाचं आहे?” साळूने विचारलं.

“मुंडीचं, काकी,” गुणा हळूच म्हणाला.

“त्यात भांडायचं काय? पहिला बाण ज्याचा, मुंडी त्याची. पहिला बाण हा.” तिने त्या काडीकडे बोट केलं. “सांगा, कुणाचा?”

मघाशी प्रत्येकजण ‘माझा, माझा’ म्हणून ओरडत होता. आता हैबती दोन पावलं मागे सरला. “माझा नाही. सुभानाची आण, काकी, माझा नाही.”

“माझाही नाही,” गुणा म्हणाला. “मी तर गेल्या वर्षी जनावराला बाणच लावला नव्हता. हसा हवं तर.”

सगळे लिंबाकडे बघू लागले. लिंबाच्या तोंडात वर्षापूर्वीची ती तहान परत आली. एक शब्द होता, ‘माझा’. तो बोलला असता तर तिरकमठा गेला असता, गावातली पत गेली असती. पण मागच्या धापा थांबल्या असत्या. शब्द ओठांपर्यंत आलाही.

तेवढ्यात गुणा बोलला. जिभेला येईल ते बोलून मोकळं व्हायचं, हीच त्याची सवय. “काकी, राग मानू नका. पण हा सुभानाचाच असेल. त्यानेच मारला असेल, आणि सांगायचं राहून गेलं असेल. त्याचंच डूकर, त्याच्यावरच उलटलं.”

हैबतीने मान डोलावली. सगळ्यांनाच बरं वाटलं. मेलेला माणूस काही ‘नाही’ म्हणायला येत नाही.

साळूने फक्त लिंबाकडे बघितलं. “तू बोल रे. तू त्याचा जिवाचा दोस्त.”

ओठांपर्यंत आलेला शब्द लिंबाने गिळला. “हो काकी,” तो म्हणाला. “सुभानाचाच असेल.”

कुत्री उठली. लिंबाच्या खांद्यामागच्या रिकाम्या जागेकडे तिने एकदा बघितलं आणि वर्षभरात पहिल्यांदा ती रडली, लांब सूर लावून, माणसासारखी. गुणा वाळूत खाली बसला. हैबती पुन्हा काहीतरी ओरडू लागला, कुणावर ते त्यालाच कळत नव्हतं. साळूने खाली वाकून त्या जुन्या बाणाची काडी दोन बोटांनी पुसली, जशी ती दगडावरचा प्रत्येक बाण पुसायची, आणि म्हणाली,

“माझ्या लेकाचे पाचच्या पाच बाण घरात आढ्याला टांगलेत, लिंबा, वर्षभर माझ्या दगडावर चारच बाण ठेवतोयस तो तू.”

तात्पर्य: आपल्या हातून झालेली चूक लपवली म्हणून मरत नाही. ती जखमी होऊन मोकळी फिरते, आधी निरपराध माणसाला गाठते, आणि मग घर शोधत आपल्याकडे येते. म्हणून चूक झाली त्याच दिवशी तोंड उघडावं, घशाला कितीही कोरड पडलेली असो.