विश्रामचे घर

चालणाऱ्या माणसाला शहरातून कोणीतरी हद्दपार केले आहे, आणि तसे करताना त्याला साधी सूचनासुद्धा दिलेली नाही. रस्ते रुंद झाले, पूल उभे राहिले, पुलांवर दिवे लागले. ज्याला नुसते पायी जायचे आहे त्याने कुठून जायचे, हे मात्र कोणी ठरवलेच नाही. घर शोधणारे आपणही असे की खिडकी उघडून वारा पाहतो, नळ सोडून पाणी पाहतो, आणि ज्या रस्त्याने जन्मभर जायचे-यायचे तो रस्ता न पाहताच किल्ली हातात घेतो.

एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्याबरोबर अशाच एका मोठ्या शहरात घर शोधायला आले होते. तंबोरे घडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शिष्याचे नाव विश्राम. शहरातल्या एका संगीत विद्यालयात वाद्ये दुरुस्त करण्याचे काम त्याला मिळाले होते, आणि ते त्याच्या मनाजोगते होते.

अडचण होती ती त्याच्या वडिलांची, आप्पांची. आप्पांनी उभे आयुष्य तंबोऱ्याचे भोपळे कोरण्यात घालवले होते. आता वाद्यावरची एकेक तार उतरवावी तशी त्यांची स्मृती उतरत चालली होती. स्वतःचे नावही कधी कधी त्यांना आठवत नसे. दिवस कलला की ते घराबाहेर पडत आणि वाटेत भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत, "विश्रामचं घर कुठंय?" गावात हे सर्वांना ठाऊक होते. कोणीही त्यांचा हात धरून त्यांना दारात आणून सोडी.

शहरात काय होणार? विश्रामजवळ वाहन नव्हते, पुढेही असण्याचा संभव नव्हता. एवढ्या मोठ्या शहरात हरवलेला बाप पायी किती शोधणार? बाहेरून कुलूप लावून कामावर जावे, असा विचार एकदा त्याच्या मनात येऊन गेला होता. त्या विचाराचीच त्याला सर्वांत जास्त भीती वाटत होती.

"आज तू बोलायचं नाहीस," बसमधून उतरताना गुरुजींनी बजावले. "लांब उभा राहा आणि ऐक."

पहिली वस्ती टेकडीच्या पायथ्याशी होती. उंच इमारती, नुकतीच लावलेली झाडे, आरशासारखे स्वच्छ रस्ते. विश्रामला ती पाहताक्षणीच आवडली. गुरुजींनी घर पाहिलेच नाही. ते फाटकाशी गेले, किंचित वाकले, आणि पहारेकऱ्याला विचारते झाले, "विश्रामचं घर कुठंय?"

विश्राम चपापला. हा तर आप्पांचा प्रश्न, आणि आप्पांचाच आवाज.

पहारेकरी सौजन्याने वागला. त्याने आडनाव विचारले, इमारत विचारली, मजला विचारला. गुरुजी प्रत्येक वेळी "विश्राम" एवढेच म्हणत राहिले. तेव्हा त्याने त्यांना गाड्यांच्या वाटेतून बाजूला उभे राहायला सांगितले आणि फाटक उघडले, कारण मोटार आली होती. त्याचा काही दोष नव्हता. रस्त्यावर विचारण्यासारखे दुसरे माणूसच नव्हते.

दुसरी जागा संगीत विद्यालयाच्या अगदी समोर होती. इथे माणसांना तोटा नव्हता, पण सगळी कुठेतरी निघालेली होती. एकाने चालता चालता मान हलवली. एका मुलीने कानातले इअरफोन काढून प्रश्न नीट ऐकून घेतला, मोबाईलवर शोधूनही पाहिले, आणि त्या नावाचे इथे काही दिसत नाही असे वाईट वाटून सांगितले. मग तिची बस आली. गुरुजी रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर अडकून उभे राहिले. दोन्ही बाजूंनी वाहने वाहत होती. त्यांना तिथून आणायला शेवटी विश्रामलाच जावे लागले.

तिसऱ्या वस्तीला पोहोचेपर्यंत ऊन पिवळे झाले होते. ती एका उताराच्या रस्त्यावर वसलेली होती. घरे बुटकी, एकमेकांना टेकलेली. विद्यालयापासून लांब. विश्रामने मनोमन ती बाद करून टाकली होती. उताराच्या मध्यावर एक पिठाची गिरणी होती. तिच्यातून पांढरी धूळ बाहेर येऊन उन्हात तरंगत होती, आणि त्यातून येणारीजाणारी माणसे क्षणभर अंधूक होऊन पुन्हा स्पष्ट होत होती.

गुरुजी त्या धुळीत शिरले आणि त्यांनी विचारले.

गिरणीवाल्या बाईंनी पट्टा थांबवला. त्यांच्या भुवयांवर पीठ होते. "विश्राम? कुठला विश्राम, बाबा?"

बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी नाव ऐकल्यासारखे वाटते असे सांगितले. "तुम्हाला सगळीच नावं ऐकल्यासारखी वाटतात," बाई म्हणाल्या, आणि समोरच्या गॅलरीत कपडे काढणाऱ्या शेजारणीला हाक मारून विचारले. शेजारणीने वरच्या मजल्याला विचारले. वरून कोणी पलीकडच्या बोळाला विचारले. गुरुजी निघू लागले, तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोर खुर्ची ठेवली. घर मिळेपर्यंत हलायचे नाही असे सांगितले, आणि हातात पाण्याचा तांब्या दिला. बाकावरच्या गृहस्थांनी त्यांना गाव विचारले, गुडघे दुखतात का विचारले, आणि स्वतःच्या गुडघ्यांची हकिगत सुरू केली.

विश्राम कडुनिंबाखाली उभा होता. त्याचे नाव उतारावरून वर जात होते, गॅलऱ्यांतून, जिन्यांतून, अनोळखी आवाजांत. कोणी ते लांबवून म्हणत होते, कोणी तोडून. त्याला वाटू लागले, आपण इथे कुठेतरी राहतोच आहोत, कुठल्यातरी खिडकीशी बसून तार लावतो आहोत, आणि आता कोणत्याही क्षणी त्या हाकेला आतून "ओ" देऊ. असा तो किती वेळ उभा होता, हे त्याला नंतर सांगता आले नाही.

घर अर्थातच मिळाले नाही. गुरुजींनी उद्या पुन्हा येतो म्हणून बाईंची कशीबशी समजूत काढली, तरी बाईंनी एका माणसाला बसथांब्यापर्यंत सोबत धाडलेच.

तो माणूस परत गेल्यावर विश्रामला राहवले नाही. "गुरुजी, तुम्ही त्या भल्या माणसांशी खोटं बोललात."

"खोटं कुठं बोललो? सकाळपासून आपण विश्रामचं घरच तर शोधतोय."

"पण त्यांनाही ते सांगता आलं नाही."

"नाही आलं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण मला त्यांनी जाऊ दिलं का? पहिल्या ठिकाणी घरं चांगली होती. दुसऱ्या ठिकाणी काम जवळ होतं. तू मनात दोन्ही ठिकाणी राहून आलास, मी पाहिलं. पण विश्राम, ज्याला पायी जगायचं आहे, त्याचं निम्मं घर दाराबाहेर असतं. तुझे आप्पा संध्याकाळचे त्या निम्म्या घरात असणार. तिथं भिंती नसतात, तिथं माणसंच लागतात. कामाला जायला तुला दोन बस बदलाव्या लागतील. त्या बदल."

बस येईपर्यंत विश्राम उताराकडे पाहत होता. तिथे कोणीतरी अजून त्याचे नाव विचारत असावे.

पुढच्याच महिन्यात त्याने गिरणीच्या वरच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या. नाव सांगताच गिरणीवाल्या बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. ते वृद्ध आपले गुरुजी असल्याचे त्याने सांगून टाकले. आमचे गुरुजी सगळीकडे जरा लवकरच पोहोचतात, असेही म्हणाला. बाईंनी त्यावर त्याला चांगले फैलावर घेतले. गुरुजींच्या पायी सबंध आळी दमली होती.

मग थंडीचे दिवस आले. एका संध्याकाळी विश्राम कामावरून परतला, तर दार उघडे होते आणि खोली रिकामी. आप्पांच्या चपला कोपऱ्यात तशाच होत्या. तो उतारावरून धावत सुटला. प्रत्येक वळणावर त्याला तो दुभाजक दिसत होता, आणि दोन्ही बाजूंनी वाहणारी वाहने.

गिरणीपाशी तो थबकला. दिव्याच्या उजेडात पीठ संथपणे तरंगत होते. त्या धुक्यात, त्याच खुर्चीवर, आप्पा बसले होते. मांडीवर कोणाचातरी दळणाचा डबा होता आणि ते बोटांनी तो वाजवून, कान लावून ऐकत होते, जसे पूर्वी भोपळा पारखताना ऐकत. कोणीतरी त्यांच्या पावलांवर गोणपाट पांघरले होते. बाकावरचे गृहस्थ त्यांना आपल्या गुडघ्यांविषयी सांगत होते.

विश्राम खाली बसला आणि त्याने गोणपाटावरून वडिलांचे पाय धरले. आप्पांनी त्याच्याकडे पाहिले, ओळखले की नाही कोण जाणे, आणि अत्यंत अदबीने विचारले, "विश्रामचं घर कुठंय?"

गिरणीवाल्या बाईंनी पट्टा थांबवला, पदराने भुवया पुसल्या.

"पोचवते म्हटलं तर ऐकेनात, डबा सोडवेना त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, तुमच्या गुरुजींना आठवणीनं कळवा. त्यांनी विचारलं होतं ना, ते घर सापडलं म्हणावं."