धोरणात नसलेला रस्ता

"चूक उघड उघड तिची आहे. मग मी सही का करू नये, आक्का?"

श्रीरंग खर्शीकर तणतणत आला होता. हातात टाइप केलेलं पत्र, काखेत लॅपटॉप.

आक्का भिजवलेले वाल सोलत होत्या. मीही समोर बसून सोलत होतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या बाईने जिल्ह्यातल्या निम्म्या इंटरनेट कंपन्यांची माणसं घडवली. श्रीरंग त्यातला सर्वांत हुशार. असं तो स्वतःच सांगायचा.

"आधी घडलं काय ते सांग."

"आम्ही कंपन्या एकमेकींना रस्ते सांगतो. अमुक पत्त्यावर जायचं तर आमच्याकडून जा, असं. शेजारच्या कंपनीतल्या मृणाल दुधाळने भलत्याचेच पत्ते आपले म्हणून सांगितले. एक आकडा चुकला बाईंचा! सगळी वाहतूक तिच्याकडे वळली आणि तुंबली. तीन तालुके दीड तास बंद. कॉलेजचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, आक्का. पोरं रडली."

"आणि पत्र?"

"तिच्या साहेबांना. संध्याकाळपर्यंत पोचवायचंय."

पत्र पोचलं की मृणालची नोकरी जाणार, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"वाच."

"'विषय: मृणाल दुधाळ. ज्या व्यक्तीने न तपासता चुकीचा रस्ता जगाला सांगितला, त्या व्यक्तीच्या हाती जाळं ठेवणं धोक्याचं आहे.'"

"छान लिहिलंयस. तिचं बोलणं जगापर्यंत पोचलं कसं?"

"आमच्यामार्फत. तिची कंपनी आमच्यातूनच बाहेर जाते."

"तिच्याकडून कोणते रस्ते घ्यायचे, काही ठरलंय?"

श्रीरंग खुलला. "ठरलंय म्हणजे? सार्वजनिक नोंदवहीत जाहीर केलंय! प्रत्येक कंपनी आपलं धोरण तिथे लिहिते. आमचं मी स्वतः लिहिलंय. तिच्याकडून फक्त तिच्या पत्त्यांचे रस्ते घ्यायचे. बाकी सगळे नाकारायचे."

"म्हणजे हा रस्ता तुम्ही नाकारलात."

"हो... म्हणजे नाही..."

"घेतलात?"

"धोरणानुसार घेऊच शकत नाही."

"मग तीन तालुके बंद पडलेच नाहीत."

"पडले की!"

"म्हणजे घेतलात."

"अहो पण नोंदवहीत स्पष्ट लिहिलंय..."

खरं सांगतो, माझंही डोकं गरगरायला लागलं होतं. दोघांचंही मला पटत होतं.

आक्कांनी परात बाजूला सारली आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

श्रीरंगने तो उघडला. या वेळी नोंदवही नाही, रस्ते प्रत्यक्षात घेणारा-नाकारणारा कंपनीचा राउटरच तपासला. बराच वेळ वाचत राहिला. कान लाल झाले.

"काय लिहिलंय?"

"'सगळं घ्या.'"

"आणि शेजारी?"

"'तात्पुरतं. काम झालं की काढणे.'"

"कोणी लिहिलं?"

श्रीरंगने लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला.

"श्रीरंगा."

"श्री. ख. दोन वर्षं झाली. गणपतीत लाइन पडली होती, सगळे गावाला गेलेले, मी एकटाच होतो... नंतर राहूनच गेलं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी आक्का उठल्या नाहीत.

"पण आधी चुकली तीच ना? आणि नोंदवहीतलं धोरण तर बरोबरच आहे!" श्रीरंगचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मग चूक कोणाची धरायची? राउटरवरची ओळ आज काढतो, ते कळतंय. पण या पत्राचं काय करू? काही सुचत नाहीये, आक्का. फाडू का?"

इतका हुशार माणूस असा केविलवाणा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. वाईट वाटलं.

आक्कांनी पत्र त्याच्या हातून घेतलं. सावकाश पुन्हा वाचलं. घडी नीट केली आणि परत दिलं.

"फाडतोस कशाला? एक शब्द खोडू नकोस. नाव तेवढं बदल."