रांजणातली कातरणं

एका गावात चपला बांधणारा एक कारागीर होता. हात असा, की त्यानं बांधलेली चप्पल घालून माणूस रानभर हिंडला तरी पायाची तक्रार म्हणून नाही. पण गावात त्याचं नाव झालं ते हातामुळे नाही, रांजणामुळे. घराच्या कोपऱ्यात त्याचा एक भलामोठा रांजण होता. चप्पल बेतताना कडेची जी कातरणं उरत, ती सगळी त्यात जात. नखाएवढा तुकडा पडला तरी हा उचलणार, फुंकर मारणार आणि रांजणात टाकणार. लोक त्याला रांजणशेठ म्हणून चिडवायचे. चिडवतात हे काही त्याच्या डोक्यात शिरायचं नाही, उलट त्याला ते आवडायचं.

कुणी तुकडा मागायला आलं की त्याचं उत्तर ठरलेलं. असल्या फुटकळ कामांसाठी हे नाही, एक दिवस मोठं काम येईल, तेव्हा बघा. धनगर गोफणीसाठी मागायला आला. कुंभार आला, त्याला ओल्या मडक्याचा काठ गुळगुळीत करायला मऊ चामडं हवं होतं. दोघंही हात हलवत परत गेले.

त्याची बायको मात्र वेगळ्या मातीची. दोघं समोरासमोर बसून काम करायची. तो रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, कापायचा आणि ती शिवायची. लग्न होऊन आली तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, की कातरण तुमच्या बाजूला पडलं तर तुमचं आणि माझ्या बाजूला पडलं तर माझं. कारागीर मोठा बिलंदर! चामडं असं वळवून धरायचा, की मोठे तुकडे नेमके त्याच्याच पुढ्यात पडावेत. तिला ते दिसायचं. ती गालातल्या गालात हसायची आणि सुई ओढत राहायची.

आपल्या वाटणीचं मात्र ती दिवस मावळेपर्यंत घरात ठेवायची नाही. धनगराला गोफण मिळाली, कुंभाराला चामडं मिळालं. तेलिणीच्या बुधल्याला झाकण झालं. एका म्हातारीच्या खुराड्याचं दार सारखं निखळायचं, त्याला हिनं चामड्याची बिजागरी लावून दिली. एक आंधळे आजोबा होते, त्यांची काठी दगडावर घसरायची, तर काठीच्या टोकाला हिनं टोपी शिवली.

नवरा कपाळावर हात मारून घ्यायचा. "अगं, वाटून वाटून उद्या तुझ्याकडे उरेल काय?"

"अहो, उरलेलंच तर वाटतेय," ती म्हणायची.

त्या साली उन्हाळा कडक आला. विहिरीचं पाणी पार तळाला गेलं. माणसांपुरतं पाणी कळशीला दोर बांधून निघायचं, पण गुरांची सगळी भिस्त मोटेवर. बैलांनी ओढायची ती चामड्याची मोठी मोट एके सकाळी वर येता येता कपारीला घासली आणि तिचा तळ टर्रकन फाटला. कारागिराच्या घरातलंही कातडं संपलेलं, आणि नवं आणायचं तर बाजार लांब. कुणी जाऊन येईपर्यंत वासरं तगणार नव्हती. दुपार व्हायच्या आतच गोठ्यागोठ्यातून हंबरणं ऐकू येऊ लागलं.

पाटील फाटकी मोट घेऊन कारागिराच्या दारात आले. मागं सारा गाव. कारागिराची छाती फुगली. ज्याची वाट पाहिली ते मोठं काम अखेर आलं होतं.

"उन्हं कलायच्या आत मोट विहिरीवर आणतो," तो म्हणाला. "नाही आणली तर या गावात पुन्हा रापी धरणार नाही."

ऐटीत आत जाऊन त्यानं रांजणाचं झाकण काढलं. वरचा तुकडा उचलून वाकवला, तर तो पापडासारखा मोडला. दुसरा मोडला, तिसराही मोडला. खाली हात घातला तर उंदरांचं बिऱ्हाड, आणि त्याच्याही खाली नुसता भुगा. वर्षानुवर्षं जपलेल्या चामड्याला ना तेल मिळालं होतं ना हात लागला होता.

एकदा त्याच्या मनात आलं, झाकण लावावं आणि बाहेर सांगावं की मोटच कुजलीय, शिवून उपयोग नाही. रांजणात कोण बघायला येणार होतं? तेवढ्यात शेजारच्या गोठ्यात वासरू ओरडलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो बाहेर आला आणि त्यानं रापी पाटलांच्या पायाशी ठेवली.

"पाटील, रांजणात काही नाही. मी जपत नव्हतो, कुजवत होतो."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. बायकोनं पुढं होऊन रापी उचलली आणि परत त्याच्या हातात दिली. "उन्हं अजून कलली नाहीत," एवढंच बोलून ती आळीत शिरली.

पण दिलेली वस्तू परत मागायला तिची जीभ रेटेना. ती आंधळ्या आजोबांच्या ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. आजोबांनी पावलांवरून ओळखलं. गावात काय झालं ते त्यांच्या कानावर आलंच होतं. त्यांनी काठी उलटी केली, चाचपडत टोपी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "वासरं पाणी प्यायली की दुसरी शिवून दे, पोरी." मग बाकीच्यांना काही सांगावंच लागलं नाही. धनगरानं गोफण सोडली, तेलिणीनं झाकण काढलं, म्हातारीनं कोंबड्या टोपलीखाली झाकून बिजागरी आणली. बघता बघता तिचा पदर भरला.

कारागिरानं एक तुकडा भीत भीत वाकवला. मोडला नाही! गोफणीचं चामडं धनगराच्या लोकरीनं तेलकट झालेल्या हातांनी मऊ राहिलं होतं, झाकणाचं तेलानं, कुंभाराचं पाण्यानं. त्याचे डोळे भरून आले. मग दोघं समोरासमोर बसली आणि माशाच्या खवल्यांसारखे तुकडे एकावर एक बसवून त्यांनी मोटेचा तळ शिवला.

उन्हं कलायच्या आत मोट विहिरीवर आली. "ही मोट आहे की गोधडी?" कुणीतरी म्हणालंच. पहिल्या खेपेला ती टाक्याटाक्यातून गळली आणि लोकांचे चेहरे पडले. बायको म्हणाली, पुन्हा सोडा, चामडं पाणी पिऊ दे, म्हणजे फुगून टाके आवळतील. मोट पुन्हा गेली, पुन्हा आली, गळती कमी झाली. आणि त्याच्या पुढच्या खेपेला बैलांनी मान घालून अशी ओढली, की मोट काठोकाठ भरून वर आली आणि धो धो पाणी हौदात कोसळलं. वासरांनी पाण्यात तोंडं खुपसली. पोरं नाचायला लागली, कुणीतरी हलगी आणली आणि मघा हसणारे सगळ्यांत मोठ्यानं ओरडायला लागले.

पाटलांनी मानाचा नारळ कारागिरापुढं धरला. तो मागं सरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मान हिचा आहे."

बायकोनं नारळ घेतला. पण घरी नेईल तर ती कसली! तिथंच दगडावर फोडला आणि खोबरं वाटून मोकळी झाली. पहिला तुकडा आजोबांना दिला.

पुढं कारागिरानं तो रांजण घासूनपुसून दाराबाहेर सावलीत मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी त्यात पाणी भरून ठेवू लागला. आणि चप्पल बेतताना तो अजूनही चामडं वळवून धरतो, पण आता मोठे तुकडे बायकोच्या पुढ्यात पडतात.

तात्पर्य एवढंच: कोंडून ठेवलेलं वाळून जातं, वापरात असलेलं टिकतं आणि मनापासून दिलेलं अडल्या वेळी धावून येतं.