हिरवळीवरचा बगळा

“बाबा, हा तुमच्या धुनीत टाकू का?”

लतीफबाबांनी वर पाहिलं. झोपडीच्या दारात अच्युत उभा होता. काखेत प्लास्टिकचा पांढरा बगळा.

“नको रे. वास सुटेल,” फकीरबाबा म्हणाले. “कोणाचा आहे?”

“माझाच. मी घडवलेला. पहिला.”

अच्युत शिकला होता मूर्तिकला. पण पोटासाठी प्लास्टिकच्या कारखान्यात लागला, आणि मालकाच्या सांगण्यावरून, कॅलेंडरवरचं चित्र समोर ठेवून, त्याने बंगल्यांच्या हिरवळीवर मांडायला एक बगळा केला. तो असा खपला की हॉटेल म्हणू नका, इस्पितळ म्हणू नका, जिथे दोन हात गवत तिथे अच्युतचा बगळा. पुढे त्याने बदकं केली, हरणं केली. कोणी विचारलं नाही. लोकांना बगळाच हवा होता.

त्याच्याबरोबर शिकलेल्यांचे पुतळे मात्र चौकाचौकांत उभे राहिले. अच्युत कुठे दिसला की त्यांतला गणपुले मोठ्याने ओरडे, “बगळेमहाराज आले, मासे झाका रे!”

सगळे हसत. अच्युतही हसे. त्या दिवशी घरी जाऊन जेवत नसे.

“सगळं आयुष्य खोट्यात गेलं, बाबा. आज नोकरी सोडली. मला शिष्य करून घ्या. ध्यानाला बसवा.”

“घरी सांगितलंस?”

“सगळ्यांना सांगितलं. गणपुलेला तर खरंच वाटेना. म्हणाला, येतो आज डोळ्यांनी बघायला.”

बाबा दाढीत हसले.

“खरा बगळा पाहिलास कधी?”

अच्युत घुटमळला.

“जवळून... नाही. चित्रातच.”

बाबांनी झोपडीमागच्या तळ्याकडे बोट केलं.

लव्हाळ्यात एक बगळा उभा होता. एका पायावर. अच्युत काठावर बसून पाहत राहिला. वारा आला, लव्हाळी हलली, पाणी हललं. बगळा हलला नाही. अच्युतचे डोळे भरून आले. हे खरं ध्यान. असं जमलं पाहिजे...

खपकन् चोच पाण्यात गेली. वर आली तेव्हा तिच्यात मासा तडफडत होता.

अच्युत तणतणत परत आला.

“लबाड आहे तो! नुसतं सोंग. सगळा जीव माशात!”

“आणि तुझा?”

“माझ्याचं काय... त्याला पोट कुठे आहे? नुसता उभा असतो.”

“उन्हात?”

“उन्हात, पावसात.”

“लोकांनी बघितलं तर?”

“तरी उभा.”

“नाही बघितलं तर?”

अच्युतने खाली पाहिलं. काखेतल्या बगळ्याचा रंग उडालेला डोळा त्याच्याकडे पाहत होता.

“तरी... उभाच.”

 बाबांनी अंगणात घोंगडी अंथरली. बगळा मागून घेतला आणि त्याच्या पायांच्या सळ्या घोंगडीशेजारच्या ओल्या मातीत रोवल्या.

“बस.”

“आत्ता? शिष्य केलंत मला?”

“बस तर खरा. मग बघू.”

अच्युत बसला. पाठ ताठ केली, डोळे मिटले. शेजारी बगळा. समोर बाबा, चिलीम हातात, न पेटवलेली.

बराच वेळ गेला. धुनीतलं लाकूड चुरचुरलं. अच्युतच्या कानावर माशी बसली, त्याने उडवली नाही. श्वास संथ झाला. बाबांनी मान डोलावली.

मग बांधावर मोटार वाजली. दार उघडल्याचा, आपटल्याचा आवाज आला. कोणीतरी मोठ्याने हसलं.

बगळ्याने मान वळवली नाही.

अच्युतने पाठ आणखी ताठ केली. हात गुडघ्यांवर नीट ठेवले. आणि हळूच... एक डोळा किलकिला केला.

बाबा पुढे वाकले. अगदी मायेने, त्याच्या कानाशी म्हणाले,

“आला का रे मासा?”