फोडशीचा कंद

एका राज्यात एक राजा होता आणि राजाच्या पोटात एक शाप होता. नाव त्याचं वज्रकेतू. तो जेवायला बसे, तो उठतच नसे. आचारी थकत, कोठारं रिती होत, तरी राजाच्या तोंडून ‘पुरे’ हा शब्द काही निघत नसे. पोट भरे ना, अन्न अंगी लागे ना. राजा वाळून काडी झाला. त्याची लेक कनकवती रोज वाढायची आणि रोज डोळे पुसायची.

एके सकाळी सज्ज्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

“राजकन्ये, धूम्रगिरी डोंगरावरची फोडशीची रानभाजी तुझ्या पित्याने कंदासकट उपटून आणली. ती आपल्याच बागेत उगवावी, दुसऱ्या कोणाच्या पानात पडू नये, ही हाव! बागेत ती जळून गेली, आणि डोंगरावरच्या जोगिणीने शाप दिला. आता त्याच डोंगरावरची मूठभर फोडशी राजाने खाल्ली, तरच तो वाचेल.”

“मी आणते,” कनकवती म्हणाली, आणि निघालीसुद्धा.

वाटेत उकळत्या पाण्याची नदी आडवी आली. कनकवतीने आपली लांबसडक वेणी कापून तिला वाहिली, नदी निवली. पुढे गुहेत माणकांची रास, राशीवर नाग. जो माणकाला हात लावी, त्याचा दगड होई. असे बरेच शहाणे तिथे उभे होते. कनकवतीने राशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नागाने वाट दिली.

माथ्यावर जोगीण बसली होती. “तिसरं काम सोपं आहे,” ती म्हणाली. “मूठभर पाला खुड. रानाची रीत मात्र पाळ.” आणि तिने डोळे मिटले.

समोर फोडशीची पाती, गवतासारखी लांब, हिरवीगार. भुकेल्या बापाच्या आठवणीने कनकवतीला धीर कसला! तिने मूठ आवळली आणि हिसडा दिला. माती ओली, पाल्यासंगे कंदही वर आला. खाण तशी माती, दुसरं काय!

आता तशीच पळाली असती, तर अडवायला कोणी नव्हतं; बाप तिकडे घटकेघटकेला खंगत होता. पण ती खाली बसली. बोटांनी माती उकरून तिने कंद परत पुरला, ओंजळीने पाणी घातलं, आणि माना टाकलेली पाती पुन्हा ताठ होईपर्यंत ती जागची हलली नाही. सारा वेळ तिला रडू येत होतं.

जोगिणीने डोळे उघडले. “तुझ्या बापाने एवढं केलं असतं, तर शाप कशाला लागता? आता खुड.”

कनकवतीने नखाने पाला खुडला, कंद राखला. तोच भारद्वाज उडत आला, त्याने तिला पाठीवर घेतलं आणि महालात उतरवलं. तिने मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केली आणि राजाला वाढली. राजाने खाल्ली. ती दुसऱ्यांदा वाढायला वाकली, तेव्हा राजाने पानावर आडवा हात धरला.

“पुरे, बाळ. आता तू जेव.”

पळी हातातच राहिली. आचारी ओक्साबोक्शी रडले, आणि तिकडे गुहेतले दगड माणसं होऊन आपापल्या घरी गेले.

त्या राज्यात अजून पाला खुडतात आणि कंद राखतात. ऐकणाऱ्यांचीही पानं अशीच भरोत, आणि वेळेवर ‘पुरे’ म्हणायची बुद्धी होवो.